दारावरचा माणूस



 संग्रहालये आणि गड सांभाळणाऱ्यांच्या या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत आज दोन सत्रे आहेत. सकाळी आपत्ती व्यवस्थापन, दुपारी प्रेक्षकांचा अनुभव. सकाळच्या सत्रात आग, पूर, चोरी यांवर बोलणे होईल. दुपारी माहितीफलक, ध्वनिमार्गदर्शक, उपाहारगृह, स्वच्छतागृह यांवर. माझे म्हणणे असे आहे की हे एकच काम आहे, आपण त्याचे दोन तुकडे केले आहेत. आणि ते काम प्रत्यक्षात ज्याच्या हातात असते, त्या दारावरच्या माणसाला आपण या सभागृहात बोलावलेलेच नाही.

४ डिसेंबर १९८१ची घटना तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या काळी दिल्लीच्या कुतुबमिनारात लोकांना आत शिरून पहिल्या सज्ज्यापर्यंत चढता येत असे. आतला जिना गोल फिरत जाणारा आणि अरुंद. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अंग चोरून वाट देत. त्या दिवशी आतले दिवे गेले, अंधारात घबराट झाली, माणसे खालच्या बाजूला लोटली गेली आणि ४५ जीव गेले. त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. मिनाराचा जिना तेव्हापासून लोकांना बंद आहे, तो आजतागायत.

मी त्या जिन्याचा पुष्कळ विचार केला आहे. अशा ठिकाणी लागते तरी काय? वर किती माणसे गेली याची मोजदाद, पहिली तुकडी उतरल्याशिवाय दुसरी न सोडण्याची शिस्त, वळणावळणावर विजेरी घेतलेला एक माणूस, आणि त्या माणसाचा आवाज मुलांच्या ओळखीचा असणे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चढताना 'सावकाश रे बाळांनो, ही पायरी झिजलीय' असे ज्याने सांगितले, त्यानेच अंधारात 'आहात तिथेच बसा' म्हटले तर मुले बसतात. अनोळखी आवाजाचे कोणी ऐकत नाही. आणि दिवसभर फक्त डाफरणाऱ्या आवाजाचे तर नाहीच नाही.

आपल्याकडे सुरक्षारक्षकाला शिकवलेली वाक्ये आठवून पाहा. हात लावू नका. फोटो काढू नका. पुढे चला. थांबू नका. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात तेव्हा दालनादालनांतून दिवसभर हेच ऐकू येते. चूक त्या रक्षकाची नाही. याहून अधिक काही आपण त्याला सांगितलेलेच नसते. बहुतेक ठिकाणी तो कंत्राटी असतो. काल बँकेच्या दारावर होता, आज आपल्या दारावर आहे, उद्या एखाद्या मॉलमध्ये असेल. आपल्या दालनात कोणती वस्तू कुठे आहे, विजेचा मुख्य खटका कोणत्या भिंतीवर आहे, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. आणि तरीही वाईट दिवशी पहिली दहा मिनिटे तोच तिथे असतो. आपण कार्यालयात असतो, बैठकीत असतो, रविवार असेल तर घरी असतो.

ती दहा मिनिटे काय करू शकतात ते पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलने दाखवले. १५ एप्रिल २०१९च्या संध्याकाळी धोक्याचा पहिला इशारा वेळेवर वाजला होता. यंत्रणा होती आणि ती चालूही होती. पण यंत्राने दिलेल्या संदेशाचा अर्थ लावण्यात गोंधळ झाला, पाहायला गेलेला रक्षक भलत्याच छताखाली पोहोचला, आणि खरी आग सापडेपर्यंत सुमारे अर्धा तास निघून गेला. तेवढ्यात ओकच्या लाकडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे छत पेटले होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आतली माणसे सुखरूप बाहेर काढली गेली, आणि कोणती वस्तू आधी वाचवायची हे ठरलेले असल्यामुळे अग्निशमन दलाने आतल्या अनेक मौल्यवान वस्तू बाहेर आणल्या. वाचले ते माणसांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींमुळे, आणि गेले ते एका माणसाला एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे. आपल्यापैकी किती संग्रहालयांच्या दारावर अग्निशमन दलाच्या हाती लगेच ठेवता येईल असा दालनांचा नकाशा आहे? 'आधी या वस्तू काढा' अशी यादी आहे? मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी सांगितले की यादी आहे, पण कपाटात आहे आणि कपाट साहेबांच्या खोलीत आहे.

आता आपल्या गडांकडे येतो. जुलै २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपल्या सर्वांना अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्यांतल्याच लोहगडावर दोन वर्षे आधी काय झाले ते विसरून चालणार नाही. २ जुलै २०२३, पावसाळी रविवार. गडावर इतकी गर्दी झाली की माणसे काही तास दरवाजांच्या वाटेत अडकून पडली. वर जाता येईना, खाली येता येईना. लोहगडाची चढण ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे आणि मधली नागमोडी वाट. शत्रूची फौज एकदम आत घुसू नये, वळणावर तिची गती मोडावी, वरून तिच्यावर मारा करता यावा, म्हणूनच ती वाट तशी बांधली आहे. ज्यांनी बांधली त्यांचे काम चोख आहे. तीच रचना आज पोराबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबांना अडकवते. म्हणजे आपल्या गडांवर गर्दीचे नियोजन वर करता येणारच नाही; ते पायथ्याशी, गाडीतळावर, तिकीट खिडकीवर आणि त्याही आधी फोनवर करावे लागेल. पायथ्याच्या गावातल्या ज्या मुलांना कोणत्या वळणावर माणूस घसरतो हे पाठ आहे, त्यांना पगारी गडपाल म्हणून नेमावे लागेल.

रायगडावर जुलै २०२४मध्ये पायऱ्यांवरून पाण्याचे लोटच्या लोट वाहू लागले आणि पर्यटक जीव मुठीत धरून कड्याला चिकटून उभे राहिले. ती चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली आहे. अशा वेळी वाट बंद करणे योग्यच, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो पाऊस सरल्यावरही राहून जाणाऱ्या कुलपाशी. एखादा सज्जा, तळघर, जिना, मागचे दालन 'सुरक्षेच्या कारणास्तव' एकदा बंद होते. पुढे अधिकारी बदलतात, कागद हरवतो, आणि ते का बंद आहे हेच कोणाला सांगता येत नाही. लोकांचा वारसा असा एकेका खोलीने लोकांपासून दूर जातो.

मर्यादा घालूनही दार उघडे ठेवता येते, हे अजिंठ्याने दाखवले आहे. माणसांच्या श्वासातली वाफ चित्रांना घातक ठरते, म्हणून खासगी गाड्या काही किलोमीटर अलीकडे थांबतात, तिथून बस सोडते, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो. त्याने चित्रे तर जपली जातातच, पण पाहणाऱ्यालाही पद्मपाणीसमोर धक्काबुक्की न होता उभे राहता येते. जी गोष्ट चित्राच्या हिताची, तीच पाहणाऱ्याच्या हिताची.

घारापुरीबद्दल बोलताना जड वाटते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. ती माणसे लेणी पाहायला निघाली होती, म्हणजे आपलेच प्रेक्षक होते. आपल्या कागदोपत्री मात्र प्रेक्षक होतो तो तिकीट फाडल्यावर. समुद्र एका खात्याचा, धक्का दुसऱ्याचा, लेणी तिसऱ्याची. घरून डबा बांधून निघालेल्या माणसाला या हद्दी ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. लेण्यांच्या तिकिटाबरोबर 'जीवरक्षक जाकीट मागून घ्या, अंगात घाला' एवढे सांगणे कोणत्याही खात्याच्या हद्दीत बसते.

दारावरच्या माणसांना काय ठाऊक असते, याचे एक उदाहरण सांगतो. एका जिल्ह्याच्या गावातल्या संग्रहालयात पोथ्यांच्या दालनात ओल आली होती आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावले होते. आम्ही भिंतीवरचा डाग मोजत होतो. झाडलोट करणाऱ्या ताई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, डाग मागनं येतो. आधी वास येतो. मृगाचा पाऊस झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी या कपाटापाशी वास बदलतो." त्यांनी बोट दाखवलेले कपाट डागापासून बरेच लांब होते. ते हलवून पाहिले, तर मागे गच्चीच्या पन्हळीचा फुटका सांधा भिंतीत निथळत होता. हे त्यांना कैक वर्षे माहीत होते. आर्द्रतामापक यंत्राची खरेदी मंजुरीला गेली होती, आणि त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातही १६ जून २०२५ रोजी दारावरच्याच माणसांनी अचानक काम थांबवले. गर्दी आवरत नाही आणि माणसे अपुरी आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला भर सकाळी, संग्रहालय उघडे असताना चोर शिडीच्या गाडीवरून खिडकीत चढले आणि अपोलो दालनातले राजघराण्याचे दागिने काही मिनिटांत घेऊन गेले. एका घटनेतून दुसरी घडली असे मी म्हणत नाही. पण जे रोज उभे असतात त्यांनी काही सांगितले, तर तो नुसता पगाराचा तंटा समजून बाजूला ठेवू नये.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या राज्यात ते दरवर्षी येते. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा देशोदेशींची तरुण मुले येऊन चिखलातून पुस्तके उपसत होती. ती आली, कारण त्या शहराने कधीतरी त्यांना काही दिले होते. २०१९मध्ये सांगलीत पाणी ग्रंथालयांतही शिरले. भिजलेल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते आणि एवढ्या वेळात सगळे वाळवणे कोणालाच जमत नाही. तेव्हा कागद गोठवून ठेवायचा आणि मग सवडीने वाळवायचा, ही जगभर मान्य पद्धत आहे. रत्नागिरीला मासळी गोठवण्याचे कारखाने आहेत. सांगली-तासगावला बेदाण्याची शीतगृहे आहेत. तिथे कागद गोठणार नाही, पण बुरशीचा वेग मंदावेल. त्यांच्या मालकांशी मे महिन्यात चहा घेऊन बोलून ठेवायला कोणतीही मंजुरी लागत नाही. त्यांची मुले आपल्या संग्रहालयात सहलीला येऊन रमलेली असतील, तर ते बोलणे सोपे जाईल.

ठरावाचा मसुदा तुमच्या पिशव्यांत आहे. पहिले कलम असे की प्रत्येक संग्रहालयाने पावसाळ्याआधी एक सराव करावा, आणि तो सोमवारी बंद दाराआड न करता, प्रेक्षक आत असताना, त्यांना आधी सांगून करावा. दुसरे असे की दालनात उभ्या राहणाऱ्या माणसाला किमान तीन वर्षांची नेमणूक मिळावी, त्याला संग्रहाची माहिती शिकवावी, आणि धोका दिसताच वरिष्ठांना न विचारता दालन रिकामे करण्याचा अधिकार लेखी द्यावा. तिसरे, बंद केलेल्या प्रत्येक दारावर बंद करण्याची तारीख, कारण आणि पुन्हा विचार करण्याची तारीख लावावी. चौथे, पुढच्या परिषदेचे पहिले सत्र रक्षक, सफाई कर्मचारी आणि गडपाल यांचे असावे. त्यांचा प्रवासखर्च आणि भरपगारी रजा संस्थांनी द्यावी.

दुपारच्या सत्रात या मसुद्यावर मोकळेपणाने बोला, दुरुस्त्या सुचवा. दुसऱ्या कलमावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण त्याला पैसे लागणार आहेत आणि ते कुठून आणायचे हे आपल्याला आजच ठरवायचे आहे.