लहान विमानाचें भवितव्य

१९२८ सालीं जुहूच्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तेथें शिकून जे. आर. डी. टाटा यांनीं १० फेब्रुवारी १९२९ रोजीं, भारतांत दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळविला. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं पस मॉथ नांवाच्या लहानशा विमानांतून त्यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें. टाटांची विमानवाहतूक अशी एका हौसेच्या पोटीं जन्माला आली. ती हौस आतां केवळ धनिकांपुरती उरणार काय?

लहान विमान इतकें महाग कां पडतें? बिघडलेली मोटार रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशांत तशी सोय नाहीं. म्हणून विमानाची तपासणी बिघाडाची वाट पाहत नाहीं. शिकाऊ विमानांतील नेहमींचें इंजिन सुमारें २,००० तास चाललें, कीं तें सुरळीत असलें तरी उकलून पुन्हां जोडावें, अशी कारखानदारांची सूचना असते. त्यास लागणारें खास पेट्रोल २०२२ पर्यंत आपण परदेशांतून आणीत होतों. त्या वर्षीं इंडियन ऑइलनें तें गुजरातेंत तयार करण्यास आरंभ केला.

शिवाय अशीं विमानें फार थोडीं बनतात. अमेरिकन कारखान्यांतून १९७८ सालीं खासगी वापराचीं सुमारें १७,८०० विमानें बाहेर पडलीं; १९९४ सालीं एक हजारहि नाहींत. अपघातांवरून होणारे दावे कारखानदारांस डोईजड झाले होते. त्याच वर्षीं, अठरा वर्षांहून जुन्या विमानाबद्दल कारखानदारास सामान्यतः जबाबदार धरूं नये, असा कायदा तेथें झाला. बंद पडलेलें काम पुन्हां चालू झालें, पण किंमत उतरली नाहीं. खप थोडा म्हणून किंमत अधिक, आणि किंमत अधिक म्हणून खप थोडा, असें हें दुष्टचक्र आहे.

विजेवर चालणाऱ्या एका दोन आसनी विमानास २०२० सालीं युरोपांत मान्यता मिळाली. त्याचा इंधनखर्च अल्प आहे. परंतु तें एका दमांत तासभरहि उडत नाहीं.

तूर्त खरा उपाय साध्या गणितांत आहे. समजा, छप्पर, विमा आणि तपासणी यांचा वर्षाचा ठरीव खर्च दहा लाख रुपये आहे. एकट्या मालकानें वर्षांत पन्नास तास उड्डाण केलें, तर ताशीं वीस हजार पडले. क्लबाच्या सभासदांनीं मिळून पांचशें तास केलें, तर अवघे दोन हजार! सर्व ग्रंथ विकत घेणें कोणासच साधत नाहीं, म्हणून आपण वाचनालयें काढलीं. विमानाचेंहि तसेंच आहे.

अशा संस्थांस मैदान मिळालें, तरच मध्यम स्थितींतील तरुणास आकाश मोकळें राहील. नाहींतर ही विद्या श्रीमंतांच्या विरंगुळ्यासाठीं, किंवा कर्ज काढून नोकरीसाठीं, एवढीच शिल्लक उरेल.