कचारगडच्या वाटेवर निघण्यापूर्वी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



येत्या माघी पौर्णिमेस आम्ही गोंदियाहून कचारगडास पायी जाणार, ही वार्ता आपणांपैकी अनेकांच्या कानी गेली आहे. कोणी विचारले, "गुरुजी, दरेकसापर्यंत आगगाडी असता ही पायपीट कशाला?" कोणी म्हणाले, "जत्रा गोंडांची. आपले तेथे काय काम?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणे आमचे कर्तव्य आहे.

पत्नीच्या निधनानंतर एकट्याने घर चालविणे जमेनासे झाले. चैत्रात आम्ही येथील बिऱ्हाड मोडून चिरंजीवांकडे नागपुरास कायमचे जात आहोत. घर आवरताना शिक्षकी पेशातील जुन्या दैनंदिन्या हाती लागल्या. सालेकसा तालुक्यातील नोकरीच्या वर्षांत, माघ महिन्यात, तीच ती नोंद आढळली : 'गोंड मुले गैरहजर. जत्रा.' मुले परतली की आम्ही त्यांना उभे करून जाब विचारीत असू. एकदा चौथीतील एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच या ना एकदा." आम्ही हसून फळ्याकडे वळलो. पुढे कधीही गेलो नाही.

धनेगावाजवळील डोंगरातील त्या विशाल गुहेविषयी गोंड बांधव सांगतात की, आत कोंडलेल्या बालकांची सुटका पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी केली. दारावरील शिळा हटविताना हिरासुका पाटालीर या वादकाने प्राण दिले. त्यानंतर लिंगोने त्या मुलांना शिकविले व समाजाची घडी बसविली. म्हणूनच माघी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून सहस्रावधी लोक तेथे लोटतात. आधी मुक्त करावे, मग शिकवावे, हा क्रम ज्या स्थानी जपला आहे, तेथे जाणाऱ्या मुलांची आम्ही गैरहजेरी मांडीत होतो!

आता पायी का, ते सांगतो. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा असे 50 किलोमीटरांहून अधिक अंतर आम्ही 4 दिवसांत तोडणार आहोत. गाडीत बसलो तर दोन तासांत पोहोचू. पण जे सोडायचे ते नीट पाहून सोडावे, अशी इच्छा आहे. धानाच्या बांध्यांतील लाखोळी पुन्हा कधी पाहू, कोण जाणे.

नातवाने पाठीवरची पिशवी आणून दिली. प्रथम आम्ही ती 9 किलो भरली आणि रोज पहाटे ती घेऊन चालू लागलो. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी तक्रार केली. मग जाड पुस्तके निघाली, दुसरा कोट निघाला, पितळी तांब्याही निघाला. आता 5 किलो उरले आहे : एक घोंगडी, एक धोतरजोडी, औषधे, भाकरीचे फडके आणि एक कोरी वही. नागपुरास नेण्याच्या सामानाची यादीही त्यानंतर निम्मी झाली. निघण्याच्या तयारीनेच आम्हांस इतके शिकविले. मग वाट किती शिकवील!

आपणांपैकी कोणास सोबत यावयाचे असल्यास आनंदच आहे. मात्र वनभोजनास निघाल्यासारखे येऊ नये, पाहुण्याच्या नम्रतेने यावे. तेथे 'जय सेवा' म्हणून अभिवादन करतात. आपणही तसेच करावे आणि अधिक ऐकावे. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. भेटला तर त्यास एवढेच सांगू, "बाळ, उशीर झाला, पण आलो."