नाचण आणि पीवाकावाका

मघाशी पावसाच्या नाचाने हॉल दणाणून सोडणाऱ्या मुलांनो,

तुमच्या गाण्यात पागोळ्या होत्या. नाच संपल्यावर मी पुढच्या रांगेतल्या एका मुलाला विचारलं, "पागोळ्या म्हणजे काय रे?" त्याला सांगता आलं नाही. यात त्याची काहीच चूक नाही. छपरावरून ओळीने गळणाऱ्या धारांखाली तळहात धरल्याशिवाय तो शब्द कुणाचाच होत नाही. म्हणून पालकांकडे माझं एकच मागणं आहे. आठवड्यातून एकदा मुलांची मराठी उघड्यावर न्या.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. मुलगी तेव्हा सात वर्षांची. थंडीतला रविवार होता. इथे ऑकलंडमध्ये ग्रेट साउथ रोडला लागून मुतुकारोआ, म्हणजे हॅमलिन्स हिल, ही टेकडी आहे. भोवती गोदामं, ट्रकची वर्दळ आणि मधोमध हे गवत. माओरींनी रताळी, म्हणजे कुमारा, साठवायला खणलेल्या खड्ड्यांच्या खुणा अजून तिथे आहेत. मी फोनवर बोलत पुढे निघालो होतो. मागून कुजबुज आली, "बाबा, हलू नकोस."

वळून पाहिलं, तर तिच्यापासून हातभरावर, फांदीच्या टोकाला मुठीत मावेल एवढं पाखरू. शेपटी पंख्यासारखी उघडायचं, मिटायचं, गिरकी घेऊन पुन्हा तिथेच बसायचं. आम्ही दोन पावलं सरकलो की तेही दोन फांद्या सरकायचं.

"पीवाकावाका," ती म्हणाली. "आपल्या पायांनी किडे उडतात ना, ते खायला येतं."

हे मला ठाऊक नव्हतं. पाखरू मात्र ओळखीचं वाटलं. चिपळूणला आमच्या परसातल्या पेरूवर असंच एक यायचं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, इवल्या वाटीसारखं त्याचं घरटं असायचं. आई त्याला नाचण म्हणायची. पुढे पुस्तकात पाहिलं, तर शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच नावाखाली ठेवलंय, रिपिडुरा. म्हणजे चुलत भावंडंच! त्या दिवशी तिने मला एक शब्द दिला, मी तिला एक दिला. तक्त्यावरून घोकून घेतलेली पक्ष्यांची नावं ती केव्हाच विसरली. नाचण विसरलेली नाही.

पालकांनो, तुमची काळजी मला कळते. आपण साप-विंचवांच्या धाकात वाढलो. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची आपल्याला सवय. पण या देशाच्या जमिनीवर साप नाहीत. इथली मुलं शाळेतसुद्धा अनवाणी हुंदडतात. गमबूट घ्या, मोज्यांचा जास्तीचा जोड गाडीत ठेवा, आणि कृपा करून चिखलाला "शी" म्हणू नका. त्या एका अक्षराने पुढे झालेला हात मागे जातो, हे मी किती वेळा पाहिलंय!

आणि जे उरलं नाही, तेही मुलांना सांगा. माउंट स्मार्ट स्टेडियम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथे ज्वालामुखीचा डोंगर होता. माओरी त्याला रारोटोंगा म्हणत. रेल्वेसाठी, रस्त्यांसाठी खणता खणता डोंगर संपला, आणि 1967 मध्ये त्या जागी स्टेडियम सुरू झालं. हे ऐकून मुलीने विचारलं, "मग डोंगर गेला कुठे?" मी तिला पेनरोज स्टेशनवर नेलं आणि रुळांखालची खडी दाखवली. असाच, म्हटलं, खडी होऊन गेला. गाडी येईपर्यंत ती त्या खडीकडेच बघत होती.

बाहेर पाऊस लागलाय. या हॉलच्या मागच्या शेडला पन्हळ नाही, येताना मी पाहिलंय. पुढच्या रांगेतल्या मित्रा, पेढा खाऊन झाला की तिकडे ये. मी थांबतो. बाही वर सारून ये.