वडापाव आणि मुलांचा दिवसभराचा आहार



आठवडे बाजाराच्या दिवशी अनेक शाळांत एक दृश्य दिसते. पहाटेच मजुरीस निघालेल्या आईला चूल पेटविण्यास सवड मिळत नाही. ती मुलाच्या हातावर दहा-पंधरा रुपये ठेवते. मूल मधल्या सुट्टीत वडापाव खाते आणि शाळेतील खिचडी अर्धी टाकून उठते. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून "हे असले कसले खाणे?" असे सहज निघून जाते. मुलाला मात्र तो आपल्या आईवरचा ठपका वाटतो. दुसऱ्या दिवशी ते लपून खाते, आणि शिकविण्याची संधी हुकते.

म्हणून निंदा न करता वडापावात काय आहे व काय नाही, हे फळ्यावर मांडावे. मुंबईत दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास रूढ झालेला हा पदार्थ कष्टकऱ्यांचे पोट घाईच्या वेळी भरीत आला आहे. पाव मैद्याचा, सारण बटाट्याचे. म्हणजे पिष्टाला पिष्टाचीच जोड. तळणीमुळे स्निग्धांश भरपूर, बेसनातून थोडी प्रथिने. परंतु पालेभाजी, दूध व फळे यांतून मिळणारी पोषकद्रव्ये त्यात फारशी नाहीत. जे राहिले, ते त्याच दिवशी इतर जेवणांतून भरून काढावे, हेच खरे सूत्र होय.

दुपारी वडापाव झाला असेल, तर रात्री पुन्हा तळलेले नको. ज्वारीची वा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा शेपू आणि वाटीभर ताक असावे. भाजीवर लिंबू पिळल्यास अथवा पेरू खाल्ल्यास अन्नातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडथळा करतो.

मात्र शाळेतील भोजनाची जागा वडापावाने किंवा वेफर्सच्या पाकिटाने घेऊ नये. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या व २०२१ मध्ये 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव मिळालेल्या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलासाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने असे मान ठरले आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. आधी हे जेवण, मग हवा असल्यास वडापाव, आणि तोही रोजचा नव्हे, असा क्रम मुलांच्या अंगवळणी पाडावा. जादा मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे, हेही शाळा व्यवस्थापन समितीच्या नजरेस आणावे.

शिक्षक मुलांच्या पंगतीस बसून तीच खिचडी आवडीने खाऊ लागला, म्हणजे निम्मा पाठ तेथेच होतो. उरलेला पाठ सायंकाळी घरी होतो. "आई, आज दुपारी भाजी राहिली, आता मेथी कर," असे मूल आपण होऊन म्हणेल, त्या दिवशी आहाराचे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.