मुलींच्या डोक्यावर काय घालायचं, हे कोण ठरवणार?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महिला मंडळांच्या एकत्र शिबिरात केलेलं भाषण)



ज्या गावांत मुलींनी मोठ्यानं हसलेलंही खपत नाही, त्याच गावांत आज आपल्या मुली भर चौकात लाठी आणि दांडपट्टा फिरवतात. ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच तिच्याबद्दल नीट बोललं पाहिजे.

यंदा काही मंडळांनी शिवजयंतीला लढाईचा देखावा करायचं ठरवलं आहे. मुली समोरासमोर लढणार, डोक्यावर मावळ्यांचे चकचकीत टोप. त्यावर घराघरांतून दोन सूर निघाले. एक म्हणतो, ‘मुलीची जात, तोंडाला लागलं तर लग्न कसं व्हायचं? काढून घ्या तिला.’ दुसरा म्हणतो, ‘काही होत नाही. मावळे काय हेल्मेट घालून लढले?’ पहिल्याला मुलीच्या डोक्यापेक्षा तिच्या लग्नाची काळजी, तर दुसऱ्याला मिरवणुकीच्या शोभेची. मुलीला कुणीच विचारलं नाही.

आधी मावळ्यांचं बघू. लढणारा माणूस डोकं जपतच आला आहे. वस्तुसंग्रहालयांत त्या काळातले पोलादी टोप आहेत. नाकासमोर खालीवर सरकणारी पट्टी आणि मानेवर लोखंडी कड्यांची जाळी. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप घातला होता, असं इतिहासकार सांगतात. मग आपल्या पोरींनी पातळ पत्र्याचा, रबरी दोरी लावलेला टोप का घालावा? तो पोशाख आहे, संरक्षण नव्हे. फटका बसला तर त्याची वाकलेली कडच कपाळात घुसेल.

चांगलं शिरस्त्राण ओळखायला इंजिनियर लागत नाही. आपण सगळ्या डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाया आहोत. चुंबळ कशाला लागते? भार एका जागी रुतू नये, पसरावा म्हणून. शिरस्त्राणाचंही तसंच. बाहेरचं कडक कवच फटका पसरवतं, आतली गादी तो जिरवते. गादीशिवायचं कवच म्हणजे चुंबळीशिवायचा हंडा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६६ साली सुरू झालेली एक संस्था आहे, सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम. तिथे मध्ययुगीन लढाया वेताच्या जाड काठ्यांनी खेळतात, बायकाही खेळतात. त्यांचे नियम ऐका. टोपाचं पोलाद किमान १.६ मिलिमीटर जाड. डोकं जिथे जिथे टेकेल तिथे किमान अर्धा इंच गादी. तोंडावरच्या जाळीतून एक इंच जाडीचा दांडा आत जाता कामा नये. जाळी हनुवटीच्या खाली किमान एक इंच यावी. आणि तपासणी झाल्याशिवाय कुणी मैदानात उतरत नाही.

‘मग घरातलं मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का?’ असं मला विचारतात. ते एका अपघातासाठी बनवलेलं असतं. आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही, वरून मात्र हेल्मेट धड दिसतं. बांधकामावरची पिवळी टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते, बाजूनं फटका आला की उडून जाते. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी चेंडू अडवते, पण काठीचं टोक त्या फटीतून आत शिरू शकतं. तलवारबाजीचा मुखवटा हलक्या पात्यासाठी असतो, लाठीपुढे डोक्याची मागची बाजू उघडीच राहते. प्रत्येक वस्तू कशासाठी बनवली, हे आधी विचारायचं.

आता मापाचं. ‘लहान साइझ’ म्हणून पुरुषी माप आपल्या मुलींच्या माथी मारतात. अंबाडा घातला की टोप पुढे सरकतो आणि डोळे झाकतो. म्हणून मुलगी ज्या वेणीवर खेळणार, त्याच वेणीवर टोप घालून बघायचा. पट्टा बांधून मान जोरात हलवू द्या, मागून टोप पुढे ओढून बघा. निघाला तर परत करा. खेळायच्या काठीचं टोक जाळीला लावून बघा. आत गेलं तर परत करा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. नारळ हलवला की आतलं पाणी हलतं, करवंटी न फुटताही. मेंदूचंही तसंच आहे. कुठलंही शिरस्त्राण हा हादरा पूर्ण थांबवत नाही. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत असा हादरा मुलांपेक्षा मुलींना जास्त बसतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे टोप असला तरी डोक्यावर पूर्ण ताकदीनं वार नाही, तोंडावर भोसकणं नाही. फटक्यानंतर मुलगी गोंधळली, डोकं दुखतं म्हणाली, तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी झाली, झापड आली, शुद्ध हरपली, तर हळद लावून निजवायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा, दवाखाना गाठायचा.

मंडळं म्हणतील, पैसे कुठले? बॅनरला आणि डीजेला पैसे निघतात, तिथूनच निघतील. एकदम दहा टोप नकोत. दोन चांगले घ्या, जोडीजोडीनं खेळा. तेही जमत नसेल, तर यंदा समोरासमोरची लढत नको. मुलींनी अंतर ठेवून एकेकटीनं पट्टा फिरवावा. त्यात कमीपणा काही नाही.

आजच्या शिबिरात तीन ठराव मांडते. एक, गादी आणि जाळी असलेल्या टोपाशिवाय मुलींची लढत होणार नाही. दोन, टोप तपासायला प्रत्येक गावात खेळणाऱ्या दोन मुली आणि दोन आया असतील. त्यांनी नाही म्हटलं की नाही. तीन, जी मुलगी ‘आज मी खेळत नाही’ म्हणेल, तिला कुणी भित्री म्हणणार नाही; आणि जी खेळते म्हणेल, तिला कुणी लग्नाची भीती घालणार नाही.

डोकं मुलीचं आहे. त्यावर काय चढवायचं, हे ठरवण्यात पहिला शब्द तिचाच असला पाहिजे. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी हात वर करा.