रुग्णशय्येपासून विधिमंडळापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित अंश)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग. अशा वेळी ‘सेवा’ या विषयावर बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. आपल्या परंपरेत वैयावृत्त्याला, म्हणजे रुग्ण आणि वृद्धांच्या शुश्रूषेला, तपाचे स्थान आहे. त्यावर अधिकारवाणीने बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी आज दूर देशीच्या एका परिचारिकेचे चरित्र आपणापुढे ठेवणार आहे. त्यांचे नाव एडी बर्निस जॉन्सन.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या वेको या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. मनात डॉक्टर होण्याची आकांक्षा होती. परंतु मुलीच्या जातीने परिचारिका व्हावे, असा सल्ला शाळेतून मिळाला. त्यातही वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय मुलींसाठी परिचर्येच्या मान्यताप्राप्त शिक्षणाची सोय स्वतःच्या राज्यात नव्हती. घर सोडून त्या इंडियाना राज्यातील सेंट मेरीज महाविद्यालयात गेल्या आणि १९५५ मध्ये प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या.

पुढे डलास शहरातील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. ती प्रत्यक्ष न पाहता, कागदपत्रांवरून झाली होती. त्या हजर झाल्या आणि त्यांचा वर्ण पाहून अधिकारी चपापले. निवासासाठी देऊ केलेली खोली नाकारण्यात आली. त्या रुग्णाच्या खोलीत जाण्यापूर्वी कोणीतरी पुढे जाऊन ‘ही परिचारिका पात्र आहे’ असे रुग्णाला सांगत असे. बंधू-भगिनींनो, ज्या हातांनी शुश्रूषा घ्यायची, त्याच हातांविषयी शंका बाळगायची, हा अपमान केवढा! तरीही त्यांनी सोळा वर्षे तेथेच सेवा केली आणि मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका या पदापर्यंत त्या पोहोचल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. नोकरी सांभाळून १९६७ मध्ये त्यांनी परिचर्येची पदवीही मिळवली.

परंतु रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही दुःख होते. डलासमधील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय स्त्रियांना कपडे अंगाला लावून पाहण्याचीही मुभा नसे. जॉन्सन यांनी स्त्रियांना एकत्र करून अशा दुकानांवर बहिष्कार घातला. येथून त्यांची सार्वजनिक वाट सुरू झाली.

१९७२ मध्ये त्यांनी टेक्सासच्या विधानसभेची निवडणूक लढवली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पक्षाच्या तिकिटावर उभे राहता येत नाही. म्हणून सोळा वर्षांची स्थिर नोकरी सोडावी लागली. त्या निवडून आल्या. डलासमधून निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पुढच्याच कार्यकाळात कामगार समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना केंद्राच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या प्रादेशिक संचालक नेमले. १९८६ मध्ये त्या राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहावर, निवडून गेल्या.

तेथे त्यांनी कोणते प्रश्न हाती घेतले, ते पाहण्यासारखे आहे. एड्सच्या रुग्णांशी भेदभाव होऊ नये आणि त्यांना उपचार मिळावेत. रुग्ण पाठवल्याबद्दल रुग्णालयाकडून डॉक्टरला मिळणारा ‘कट’ बंद व्हावा. घर देताना वर्ण पाहिला जाऊ नये. हे विषय रुग्णशय्येशेजारी उभे राहिलेल्या व्यक्तीलाच सुचावेत असे आहेत. औषध देणाऱ्या हाताला ठाऊक असते, की आज बरा होऊन गेलेला रुग्ण पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच दारिद्र्यात परतणार आहे. शुश्रूषेने एकाचे दुःख हलके होते. न्याय्य कायद्याने अनेकांचे दुःख उद्भवण्यापूर्वीच टळते.

१९९२ मध्ये त्या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका. तीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. २०१९ मध्ये विज्ञान, अंतराळ व तंत्रज्ञान समितीच्या अध्यक्षपदी बसणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. जानेवारी २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

आता एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. केवळ गुणगान म्हणजे चरित्र नव्हे. २०१० मध्ये उघड झाले, की एका प्रतिष्ठानच्या ज्या शिष्यवृत्त्या त्यांच्या शिफारशीने दिल्या जात, त्यांतील काही त्यांच्याच नातलगांना आणि एका सहायकाच्या मुलांना मिळाल्या होत्या. तसे करण्यास नियमाने मनाई होती. हे अजाणतेपणी घडले, असे त्यांनी सांगितले आणि ३१ हजार डॉलरहून अधिक रक्कम परत केली. ज्यांनी आयुष्यभर पक्षपात सोसला आणि त्याविरुद्ध लढा दिला, त्यांच्या हातूनही पक्षपात घडला. ममत्व किती सूक्ष्म असते पाहा! आपणही शिष्यवृत्त्या देतो. यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने ही घटना एकदा आठवावी.

शेवटी दोन विनंत्या. आपल्या घरची मुलगी परिचारिका होऊ म्हणाली, तर आपण आनंदाने संमती देऊ का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ‘ते काम आपले नव्हे’ असे म्हणणारी घरे आजही आहेत. आणि रुग्णालयाचे निर्णय घेणाऱ्या समितीवर देणगीदार व डॉक्टर यांच्या जोडीला एखादी अनुभवी परिचारिका असावी. रात्री दोन वाजता रुग्ण काय मागतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?