आद्याक्षरांचा उच्चार

नांदेड, लातूरकडून उपचारांसाठी हैदराबादेस आलेला मनुष्य जर पंजागुट्ट्याच्या प्रसिद्ध रुग्णालयाचे नाव 'एन. आय. एम. एस.' असे अक्षरे सुटी करून विचारू लागला, तर ऐकणाऱ्यास क्षणभर विचार करावा लागेल. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या लांबलचक नावाचे शहराने 'निम्स' करून टाकले आहे. आद्याक्षरे डोळ्यांसाठी जुळविली जातात. परंतु त्यांचा उपयोग व्हावयाचा असतो तो कानाला.

अक्षरांचा शब्द केव्हा होतो? व्यंजनांच्या मध्ये स्वर सापडला की जीभ आपोआप शब्द घडविते. १९७२ साली पटानचेरूस स्थापन झालेली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था 'इक्रिसॅट' झाली, विधी विद्यापीठ 'नालसार' झाले. महानगरपालिकेच्या जी. एच. एम. सी. या चार अक्षरांत मात्र एकही स्वर नाही. तेथे जिभेचा नाइलाज आहे. याचे नामी उदाहरण याच शहरात घडले. नगरविकास प्राधिकरणास लोक 'हुडा' म्हणत. २००८ साली त्याच्या जागी महानगर विकास प्राधिकरण आले. 'अर्बन'चा यू जाऊन 'मेट्रोपॉलिटन'चा एम आला, आणि तोंडी रुळलेल्या शब्दाचे 'एच. एम. डी. ए.' झाले. 'हुडा कॉम्प्लेक्स' मात्र अद्याप 'हुडा कॉम्प्लेक्स'च आहे! उलट, तलावांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी २०२४ साली निघालेल्या संस्थेचे 'हायड्रा' हे नाव उच्चारावयास इतके सोपे, की ते पूर्ण नावाआधीच घरोघर पोहोचले.

तथापि स्वर असला म्हणजे शब्द होतोच असे नाही. ई. सी. आय. एल. या नावात दोन स्वर आहेत. तरीही त्या चौकास कोणी 'एसिल' म्हणत नाही. नियम येथे थांबतो व रूढी पुढे होते. ज्या गावची संस्था, त्या गावाचा उच्चार प्रमाण मानावा, हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचे.

अक्षरे सुटी वाचतानाही सर्वांचा उच्चार एक नसतो. मराठी माणूस 'एच' म्हणतो, तेलुगू माणूस 'हेच' म्हणतो, आणि तेलुगू वृत्तपत्रे तसेच छापतात. हैदराबादेतील मराठी मुले शाळेत एक ऐकतात व रस्त्यावर दुसरे. त्यांना त्याबद्दल दटावण्याचे कारण नाही; दोन्ही उच्चार समजले म्हणजे झाले.

आपल्या मराठी संक्षेपांची चाल आणखी वेगळी. 'इ. स.' लिहावे, पण वाचावे 'इसवी सन'. 'ता. क.' म्हणजे ताजा कलम. पत्राच्या आरंभीचे 'सा. न. वि. वि.' हे तर पूर्ण 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असेच वाचावयाचे. सुटी अक्षरे वाचणाऱ्या मुलाचा नमस्कार कोणाला पोहोचावा? मात्र 'पु. ल.' हे पुलच राहतात आणि 'मनपा', 'भाजप' हे तर सरळ शब्दच बनले आहेत. मराठीत व्यंजनाला स्वर चिकटलेलाच असल्यामुळे आपल्या आद्याक्षरांचा शब्द होण्यास अडचण पडत नाही.

नभोवाणीवर वाचणाऱ्याचे काम यामुळे अधिक जोखमीचे होते. छापील मजकुरात अडलेला वाचक पुन्हा मागे जाऊन पाहू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून पहिल्या उल्लेखास संस्थेचे पूर्ण नाव सावकाश सांगावे आणि मग आद्याक्षरांवर यावे. त्यात चार-दोन सेकंद अधिक जातात, ते जाऊ द्यावेत.